आकड्यासोबत हद्द आणि तारीख

पोरांनो, जनगणनेचे गावागावांचे आकडे नकाशासकट लोकांपर्यंत ऑनलाइन पोचवायचं काम तुम्ही अंगावर घेतलंय, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी उभी नोकरी जिल्हा जनगणना पुस्तिका चाळण्यात आणि त्यातले आकडे लोकांना काढून देण्यात गेली. कुणाला नळपाणी योजनेच्या प्रस्तावात गावाची लोकसंख्या भरायची असे, कुणाला शाळेच्या मागणीसाठी सहा वर्षांपर्यंतची मुलं किती ते हवं असे, कुणाला वस्तीतल्या आदिवासींचं प्रमाण. एका आकड्यासाठी माणूस एसटीनं जिल्ह्याला यायचा. त्या माणसाला तो आकडा आता फोनवर, मराठीत, मिनिटाच्या आत मिळाला पाहिजे. तो मिळावा म्हणून काय सांभाळायचं, ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. जनगणनेचा प्रत्येक आकडा एका हद्दीचा आणि एका तारखेचा असतो. गट नंबर न सांगता जमिनीचं बोलणं जसं निरर्थक, तसा हद्दीवाचून सांगितलेला आकडा. 2011 ची लोकसंख्या म्हणजे 1 मार्च 2011 च्या मध्यरात्री शून्य वाजता, त्या वेळच्या हद्दीत होती ती माणसं. ठाण्याचंच बघा. 2011 ला ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त. 1 ऑगस्ट 2014 ला त्यातून पालघर वेगळा झाला. पालघरच्या आठ तालुक्यांत 2011 ची 29,90,116 माणसं गेली आणि उरलेल्या ठाण्यात 80,70,032 राहिली. आता तुम्ही आजच्या ठाण्याचा नकाशा घेतला आणि त्यावर एक कोटी दहा लाख लिहिलं, तर नकाशा खरा, आकडा खरा, आणि दोन्ही मिळून सांगितलेली गोष्ट साफ खोटी. म्हणून तुमच्या प्रत्येक पानावर आकड्याच्या शेजारी, खाली बारीक अक्षरात नव्हे, लिहा: ‘2011 ची जनगणना, 2011 ची हद्द’. आजच्या हद्दीप्रमाणे बेरीज करून दिली असेल तर तेही लिहा.

आणि एक ध्यानात ठेवा, घरांची माहिती वेगळ्या वेळची असते. संडास, पिण्याचं पाणी, वीज, घराचं छप्पर ही माहिती घरयादीच्या फेरीत गोळा होते आणि ती फेरी 2010 मध्येच झाली होती. एकाच पानावर लोकसंख्या आणि नळ दाखवाल तेव्हा दोन्हींची तारीख वेगवेगळी द्या.

आता शोधाकडे या. तुमचं सगळं काम इथं तरतं किंवा बुडतं. माणूस पहिल्यांदा येतो तो आपल्या गावाचं नाव टाकायला. नाव सापडलं नाही की तो निघून जातो आणि परत येत नाही. 2011 च्या फायलींत नावं रोमन लिपीत आहेत आणि त्यांचं स्पेलिंग सरकारी आहे. बीड जिल्हा तिथं बी-आय-डी असा लिहिलाय, रायगडच्या शेवटी ‘जी-ए-आर-एच’ आहे. बुद्रुक आणि खुर्द यांची नुसती आद्याक्षरं उरलीत, तर्फ आणि प्रगणे यांची तीच गत. तेव्हा प्रत्येक गावाला एकच नाव देऊन भागायचं नाही. नावांची एक वेगळी यादी करा: फायलीतलं स्पेलिंग, मराठी नाव, लोक टाइप करतात ती दोन-चार रूपं, जुनं नाव, नवं नाव. औरंगाबाद टाकणाऱ्यालाही छत्रपती संभाजीनगर सापडलं पाहिजे, आणि उलटही. धाराशिव आणि अहिल्यानगरचं तसंच. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत गावांची स्थानिक भाषेतली नावं आणि 2011 चे जनगणना कोड दोन्ही मिळतात. मराठी नावांची सुरुवात तिथून करा, पण डोळे झाकून घेऊ नका. तालुक्यातल्या एखाद्या जाणत्याकडून यादी एकदा वाचून घ्या.

मराठीची एक खास खोच आहे, ती बाहेरचा माणूस तुम्हाला सांगणार नाही. कऱ्हाड हे नाव घ्या. त्यातला ऱ कुणी एका अक्षरानं टाइप करतं, कुणी र आणि खाली नुक्ता असं दोन तुकड्यांत, कुणी र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती तीन वेगळी नावं वाटतात. शिवाय निम्मे लोक सरळ ‘कराड’ लिहितात. म्हणून शोध घेण्याआधी दोन्ही बाजूंची अक्षरं एका रूपात आणायची: ऱ चे सगळे प्रकार एक, ह्रस्व-दीर्घ एक, अनुस्वार आणि अर्धा म-न एक, ळ आणि ल एक. दाखवताना मात्र नाव शुद्धच दाखवायचं. सैलपणा फक्त शोधण्यापुरता. हे काम दोन दिवसांचं आहे आणि तुमच्या भारीतल्या भारी नकाशापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच नावाची गावं ढीगभर असतात. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी टाकलं की यादी लांबच लांब येते. त्या यादीत प्रत्येक नावापुढे तालुका आणि जिल्हा दिसला पाहिजे, आणि शेजारच्या दोन गावांची नावं देता आली तर फारच उत्तम. गावाकडचा माणूस आपलं गाव शेजारच्या गावावरूनच ओळखतो.

याहून मोठी अडचण वाड्यांची. जनगणनेतलं गाव म्हणजे महसुली गाव. कोकणातल्या वाड्या, पालघरचे पाडे, मराठवाड्यातले तांडे, डोंगरातल्या वस्त्या यांची नावं त्या यादीत सहसा नसतातच; त्यांची माणसं ज्या महसुली गावाच्या शिवारात ही ठिकाणं येतात, त्यात मोजलेली असतात. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा ते नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी होतं. अशा वेळी जो माणूस वाडीचं नाव टाकून शोधतो, त्याला ‘सापडलं नाही’ एवढंच उत्तर देणं मला पटत नाही. वाडीचं नाव आणि तिचं महसुली गाव यांची जोडयादी तालुकानिहाय तयार करा आणि उत्तर असं द्या: ‘या वाडीचे वेगळे आकडे जनगणनेत नाहीत. ती अमुक गावात मोजली आहे. त्या गावाचे आकडे हे.’ खरं उत्तर मिळालेला माणूस पुढचं स्वतः शोधतो. ग्रामपंचायतही गावाशी एकास एक जुळत नाही. गट ग्रामपंचायतीत दोन-चार महसुली गावं येतात. सरपंच आपल्या पंचायतीचा आकडा मागेल, तेव्हा गावांची बेरीज करून द्या आणि त्यात कोणती गावं घेतली तेही दाखवा.

काही गावं यादीतून गायब झाल्यासारखी वाटतात. ती असतात, पण शहरांच्या यादीत. लोकसंख्या निदान 5,000, घनता चौरस किलोमीटरला निदान 400, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांतले निदान 75 टक्के शेतीबाहेर, या तिन्ही कसोट्यांना गाव उतरलं की जनगणना त्याला ‘जनगणना शहर’ म्हणते. कारभार ग्रामपंचायतच बघत असते, नगरपालिका नसते. देशात अशी शहरं 2001 ला 1,362 होती, ती 2011 ला 3,894 झाली. गोव्यात तर 70 शहरांपैकी 56 जनगणना शहरं. कळंगुटचा माणूस पंचायतीत घरपट्टी भरतो आणि जनगणनेत शहरी म्हणून मोजला जातो. तुमच्या साइटवर ‘आधी ग्रामीण की शहरी ते निवडा’ असा प्रश्न पहिल्याच पायरीला ठेवलात, तर हा माणूस ‘ग्रामीण’ निवडणार आणि त्याला आपलं गाव कधीच दिसणार नाही. शोध एकच ठेवा, गाव-शहर एकत्र. आणि त्या पानावर दोन ओळींत सांगा की पंचायत असूनही हे शहरांत का आहे.

बेचिराख गावांचंही ध्यान ठेवा. महाराष्ट्रात 43 हजारांहून जास्त महसुली गावं, त्यातली काही हजार माणसांवाचूनची. विदर्भात त्यांना रिठी म्हणतात. त्यांच्यापुढे शून्य आहे ते खरं शून्य आहे, माहिती नसल्याचं चिन्ह नाही. दोन्हींना वेगळे रंग द्या. कोयनेसारख्या धरणांनी गावं उठली आणि माणसं दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन वसली, तिथं कधीकधी जुन्या गावाचंच नाव पुन्हा आढळतं. नावावरून ते एकच गाव धरू नका.

म्हणून नावावर कधीही काही जोडायचं नाही, जोडायचं ते कोडवर. 2011 ला राज्याला दोन अंकी, जिल्ह्याला तीन अंकी, तालुक्याला पाच अंकी आणि गावाला सहा अंकी कोड आहे. महाराष्ट्र 27, गोवा 30, नंदुरबार 497 पासून सांगली 531 पर्यंत महाराष्ट्राचे 35 जिल्हे. तालुक्यांचे कोड शून्यानं सुरू होतात आणि एक्सेल ते पुढचं शून्य गिळतं. फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी घात होतो. पाच अंकांचे चार होतात आणि नकाशाशी जोडताना ओळी गळतात. कोडचा कॉलम पहिल्यापासून मजकूर म्हणून वाचा, संख्या म्हणून नाही. 2001 चे गावकोड आठ अंकी होते, त्यांची 2011 शी सरळ गाठ पडत नाही. मधे जुळणीचं पत्रक लागतं. आणि प्रत्येक गावाच्या पानाचा पत्ता कोडवरच बांधा, म्हणजे आज एखाद्या मास्तरांनी वहीत लिहून ठेवलेली लिंक दहा वर्षांनीही उघडेल.

फाइल हातात आली की बेरीज करायच्या आधी दोन कॉलम वाचायचे. एकात पातळी असते: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शहर, वॉर्ड. दुसऱ्यात एकूण, ग्रामीण, शहरी. प्राथमिक जनगणना गोषवाऱ्याच्या फायलीत हे सगळं एकाखाली एक रचलेलं असतं. कुणी लोकसंख्येचा अख्खा कॉलम बेरजेला लावला, की तेच लोक गावात, तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात, आणि वर एकूण-ग्रामीण-शहरी असे पुन्हा पुन्हा मोजले जातात. लोकांना डाउनलोड द्याल तेव्हा ही फाइल जशीच्या तशी देऊ नका. गावांची वेगळी, तालुक्यांची वेगळी, जिल्ह्यांची वेगळी द्या. मूळ फाइलही ठेवाच, पडताळणाऱ्यासाठी.

साक्षरतेचं प्रमाण काढायची रीत एकदा हातानं करून बघा. महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी, साक्षर 8.155 कोटी. थेट भागलं तर 72.6 टक्के येतात. पण जनगणना सात वर्षांखालच्या कुणालाच साक्षर धरत नाही, म्हणून 0 ते 6 वयाची 1.33 कोटी मुलं आधी वजा करायची. उरतात साधारण 9.90 कोटी, आणि प्रमाण येतं 82.3 टक्के. राज्याचा जाहीर आकडा हाच आहे. गोषवाऱ्यात ही टक्केवारी तयार नसते, कच्चे आकडे असतात. ती तुम्हाला काढावी लागते. चुकीच्या भाजकानं काढलीत तर ज्या गावात लहान मुलं जास्त, ते गाव अडाणी ठरेल. आदिवासी पाड्यांवर हा अन्याय सगळ्यात आधी होईल. म्हणून प्रत्येक टक्केवारीखाली ‘कशाला कशानं भागलं’ ते मराठीत लिहा.

क्षेत्रफळाचंही एक आहे: गाव-निर्देशिकेत ते हेक्टरमध्ये असतं, शहर-निर्देशिकेत चौरस किलोमीटरमध्ये. शंभरानं भागायचं विसरलं की गावाची घनता शंभरपट कमी दिसते.

लहान गावांची गुणोत्तरं दाखवताना हात आखडता घ्या. 2011 ला बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. हा आकडा जिल्ह्याचा आहे, त्यामागे लाखांनी मुलं आहेत, आणि त्यानं महाराष्ट्राला हादरवलं ते योग्यच झालं. पण एखाद्या गावात सगळी मिळून पंधरा मुलं असतील, तर एका मुलीच्या जन्मानं गुणोत्तर कुठच्या कुठे जातं. तिथं गुणोत्तर छापू नका. मुलगे किती, मुली किती, एवढंच द्या. नाहीतर उद्या कुणीतरी त्यावरून गावाला बदनाम करेल.

नकाशा लोकांना आवडतो आणि नकाशाच सगळ्यात लवकर फसवतो. गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या 10,72,942. मुंबई शहर जिल्हा 157 चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या 30,85,411. जिल्हे लोकसंख्येनुसार रंगवले की गडचिरोलीचा मोठा पट्टा डोळ्यात भरतो आणि मुंबईचा ठिपका सापडतही नाही. रंग भरायचे ते प्रमाणांसाठी: टक्के, घनता, गुणोत्तर. माणसं किती ते दाखवायचं असेल तर लहानमोठी वर्तुळं काढा. लाल-हिरवी जोडी टाळा, ती अनेकांना वेगळी ओळखता येत नाही. फिका ते गडद असा एकच रंग चालवा. आणि नकाशाच्या खाली तोच मजकूर तक्त्यात द्याच. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरवर तक्ता ऐकू शकतो, नकाशा नाही.

हद्दीच्या फायली मिळवणं 2021 च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर पुष्कळ सोपं झालंय. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, डेटामीटसारख्या स्वयंसेवी गटानं जिल्ह्यांच्या हद्दी खुल्या ठेवल्यात. फाइल कोणत्या सालच्या हद्दीची ते मात्र आधी विचारा. गावांच्या हद्दीची फाइल मोबाइलला जड जाते, म्हणून रेषा सोप्या कराव्या लागतात. त्या एकेका गावाच्या सोप्या करू नका, सगळ्या तालुक्याच्या एकत्र करा, नाहीतर शेजारच्या दोन गावांत फटी पडतात किंवा ती एकमेकांवर चढतात. गावाचा बिंदू टाकताना तो हद्दीच्या आत पडतोय ना ते बघा. नदीच्या वळणावरच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या गावाचा मध्य शेजारच्या शिवारात जाऊन बसतो.

2001 आणि 2011 ची तुलना मागणारे पुष्कळ येतील. फुटलेली आणि जोडलेली गावं मिळून एक सामाईक क्षेत्र धरायचं आणि त्याचीच तुलना करायची, हा प्रामाणिक मार्ग. डेव्हलपमेंट डेटा लॅबच्या संशोधकांनी ‘श्रग’ नावाच्या खुल्या माहितीसंचात 1991, 2001 आणि 2011 साठी नेमकं हेच केलंय. ते वापरा, पुन्हा शून्यापासून सुरू करू नका.

सगळ्यात कळकळीनं सांगते ते स्क्रीनशॉटचं. तुमचं पान कुणी पूर्ण वाचणार नाही. त्याचा फोटो निघेल, व्हॉट्सॅपवर फिरेल, ग्रामसभेत दाखवला जाईल, वर्तमानपत्रात छापून येईल. गावाचं पूर्ण नाव, तालुका, कोड, जनगणनेचं साल आणि हद्दीचं साल हे त्या चौकटीच्या आतच हवं, आकड्याला चिकटून. वरच्या मेन्यूत असेल तर पहिल्या फोटोतच ते कापलं जाईल. एका ए-फोर कागदावर सुबक छापता येईल असं पानही करा. गावाकडे अजून कागदच चालतो, अर्जाला तोच जोडतात. सीएसव्ही फाइल द्याल ती अशी सेव्ह करा की एक्सेलमध्ये देवनागरी नीट उघडेल. त्यासाठी फाइलच्या सुरुवातीला युनिकोडची खूण लागते; ती नसली की गावांच्या नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो.

‘आजची लोकसंख्या सांगा’ हा प्रश्न रोज येईल, कारण 2021 ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही. जुन्या वाढीच्या दरानं गावाचा आजचा आकडा रचून देऊ नका. 2011 ते 2036 साठी सरकारच्या तांत्रिक गटानं जे अंदाज बांधले ते राज्यांचे आहेत, गावांचे नाहीत. एक कारखाना आला किंवा बंद पडला की गाव पाच वर्षांत ओळखू येत नाही. तसंच कुणी आजोबांचं नाव नोंदीत शोधून मागेल. जनगणना अधिनियम, 1948 च्या कलम 15 प्रमाणे व्यक्तीच्या नोंदी कुणालाही बघायला मिळत नाहीत, कोर्टातही त्या सहसा पुरावा म्हणून चालत नाहीत. हे त्याला आदरानं, पूर्ण समजावून सांगा. त्या गुप्ततेच्या भरवशावरच लोक प्रगणकाला खरं सांगतात.

आता नवी जनगणना दारात आहे. 16 जून 2025 ला अधिसूचना निघाली, मोजणीचा संदर्भदिन 1 मार्च 2027. या वेळी मोबाइलवर नोंदी होणार आणि जातीही विचारल्या जाणार. हद्दीतले बदल 31 डिसेंबर 2025 पर्यंत पुरे करा असं राज्यांना कळवलं होतं. म्हणजे नव्या आकड्यांच्या हद्दी ठरल्यात, आणि 2011 पासून आतापर्यंत कोणतं गाव कुठं गेलं हे सांगणारी माणसं अजून तालुक्यातालुक्यांत आहेत. जुळणीचं पत्रक करायची वेळ हीच. आपल्या तालुक्यापासून सुरू करा. तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे, पंचायत समितीत जाऊन बसा, एकेक गाव विचारून जुना कोड आणि आजची हद्द समोरासमोर लिहा, आणि ते पत्रक कुणालाही उतरवून घेता येईल असं खुलं ठेवा.